एलन विलिस: गाणं शिव्या देतं आणि तरीही आवडतं, मग काय करायचं?

मेघमल्हारी

रॉक समीक्षेचा विषय निघाला की इथे दोन नावं हमखास येतात, लेस्टर बँग्ज आणि रॉबर्ट क्रिस्टगाऊ. बँग्जवरच्या धाग्यात मी एलन विलिसचं नाव घेतलं तर "ही कोण?" असा प्रश्न आला. म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ओळख. जन्म १४ डिसेंबर १९४१, न्यू यॉर्क. वडील तिथल्या पोलीस खात्यात लेफ्टनंट. शिक्षण बार्नर्ड कॉलेजात. १९६७ मध्ये 'चीता' नावाच्या एका अल्पायुषी मासिकात तिने बॉब डिलनवर भलामोठा निबंध लिहिला. तो 'न्यू यॉर्कर'चे संपादक विल्यम शॉन यांच्या वाचनात आला आणि १९६८ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, ती त्या साप्ताहिकाची पहिली रॉक-पॉप समीक्षक झाली. सदराचं नाव 'रॉक, इत्यादी'. १९७५ पर्यंत तिने तिथे ५६ लेख लिहिले. साप्ताहिक असं, की जॅझवर लिहिणारा मुरलेला समीक्षक त्यांच्याकडे होता, पण इलेक्ट्रिक गिटारवाल्या पोरांबद्दल गंभीरपणे लिहावं हे तोवर कुणाला सुचलं नव्हतं.

डिलन कवी आहे की नाही, हा घोळ २०१६ च्या नोबेलनंतर आपल्याकडेही पोटभर घालून झाला. विलिसने १९६७ मध्येच तो बाजूला सारला होता. तिच्या मते या माणसाची सोंगं हीच त्याची खरी करामत. आधी धुळकट लोकगायक, मग चळवळीचा आवाज, मग काळ्या चष्म्यातला रॉकस्टार. एक मुखवटा काढावा तर खाली दुसरा. १९६६ च्या मोटरसायकल अपघातानंतर तो दिसेनासा झाला तेव्हा चाहते कासावीस झाले. विलिस म्हणते, आपला थांग लागू न देणं ही त्याची प्रसिद्धीसाठीची चलाखी नाही. त्याची ती आसच आहे, आणि त्याचं सगळं काम तिच्यातून घडलंय. शब्द, चाल, आवाज, मुखपृष्ठावरचा फोटो आणि अफवा हे सगळं मिळून 'गाणं' होतं, असं धरून लिहिणारी मी वाचलेली ती पहिलीच.

पण मी तिच्या प्रेमात पडले ते दुसऱ्याच कारणाने.

विलिस कट्टर स्त्रीवादी होती. १९६९ मध्ये शुलामिथ फायरस्टोन या स्त्रीवादी लेखिकेबरोबर तिने 'रेडस्टॉकिंग्ज' हा गट काढला. त्याच वर्षी न्यू यॉर्क राज्याच्या गर्भपात कायद्यावर सुनावणी झाली. सुनावणीला बोलावलेल्या तज्ज्ञांत १४ पुरुष आणि एक जोगीण (नन) होती. बायकांनी ती सुनावणी उधळून लावली. विलिस त्या गोंधळात होती आणि त्यावर तिने लिहिलंही. म्हणजे रस्त्यावर उतरलेली बाई, आणि हिची रोजीरोटी काय, तर रोलिंग स्टोन्स आणि कंपनीची गाणी ऐकून त्यावर लिहिणं! बायकांना पायपुसणं समजणारी गाणी!

यातून सुटायच्या दोन सोप्या वाटा असतात. "कलेत राजकारण कशाला" म्हणायचं, नाहीतर "ही गाणी घाण आहेत, ऐकू नका" म्हणायचं. तिने दोन्ही सोडल्या. १९७१ च्या एका लेखात तिने एक कसोटी सांगितली. गाण्यातल्या बाई-पुरुषांची अदलाबदल करा आणि गाणं तगतं का बघा. स्टोन्सचं 'अंडर माय थंब' उघडउघड मग्रूर आहे. पूर्वी मला नाचवणारी आता माझ्या मुठीत आली, हाच त्याचा आनंद. पण हे गाणं बाईने पुरुषाला उद्देशून म्हटलं तर? बिनदिक्कत चालतं. सूड कुणीही घेऊ शकतं. आता कॅट स्टीव्हन्सचं 'वाइल्ड वर्ल्ड' घ्या. गोड, हळवं, सोडून जाणाऱ्या मुलीला काळजीने समजावणारं की बाई गं, जग वाईट आहे, तू भाबडी आहेस. हेच एखादी बाई सोडून जाणाऱ्या प्रियकराला म्हणतेय अशी कल्पना करा. हसू येतं. मग जास्त पुरुषी गाणं कुठलं, गुरगुरणारं की डोक्यावरून हात फिरवणारं?

दुसरा प्रसंग १९७७ चा. सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडचं (पंक म्हणजे उद्धट, खडबडीत रॉक) 'बॉडीज' हे गाणं आलं. गर्भपात केलेल्या मुलीबद्दल किळस ओकणारं, शिव्यांनी भरलेलं. गर्भपाताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बाईने ते ऐकलं, हादरली, आणि तरी पुन्हापुन्हा ऐकत राहिली. त्याच सुमाराला स्त्रीवादी गायिकांचं एक सौम्य, सात्त्विक संगीतही येत होतं. त्यातली मतं विलिसला शंभर टक्के मान्य होती, गाणी मात्र तिला थंड वाटत. 'व्हिलेज व्हॉइस' या न्यू यॉर्कच्या साप्ताहिकातल्या लेखात तिने हे लपवलं नाही. मला काय हवं, कशाची चीड आहे, हे जे संगीत छाती ठोकून सांगतं ते मलाही तसंच बोलायला भाग पाडतं. शब्द माझ्या विरोधात असले तरी त्याचा घाट माझ्या बाजूचा असतो. आणि भित्रं संगीत मला भित्रं करतं, मग त्याची मतं कितीही सुधारकी असोत. असा एकूण आशय, शब्द माझे.

हे लिहायला काय हिंमत लागली असेल! स्वतःच्याच गटातल्या मैत्रिणी उद्या तोंडावर फेकतील असं वाक्य. बहुतेक समीक्षक गाणं काय म्हणतं ते सांगतात. ही सांगते, गाण्याने माझं काय केलं. आणि उत्तर गैरसोयीचं निघालं म्हणून प्रश्न बदलत नाही.

डिस्टॉर्शन

ताई, लेख जबरी. पण "प्रभावी" म्हणाल तर बँग्जच. सुरुवातच बघा. 'रोलिंग स्टोन' मासिकाने वाचकांकडून परीक्षणं मागवली, याने एमसी५ या बँडच्या पहिल्या रेकॉर्डची सालटी काढणारं परीक्षण पाठवलं, ते १९६९ मध्ये छापून आलं. १९७३ मध्ये त्याच मासिकाने संगीतकारांचा मान ठेवत नाही म्हणून हाकललं. तोवर हा डेट्रॉइटच्या 'क्रीम' मासिकात गेलाच होता. तिथे असताना एकदा जे. गाइल्स बँडबरोबर स्टेजवर चढून याने टाइपरायटर 'वाजवला', टकटक लाऊडस्पीकरवरून! पंकला पंक म्हणणाऱ्या पहिल्या काही लोकांतला हा. आणि ३३व्या वर्षी मेला. आज नेटवर जो कुणी प्रथमपुरुषी एकवचनात, शिव्या घालत, विषय सोडून भरकटत रेकॉर्डबद्दल लिहितो, तो बँग्जचीच नक्कल करत असतो. विलिसची नक्कल कोण करतं?

मेघमल्हारी

डिस्टॉर्शन, नक्कल करता येणं हा प्रभावाचा एक प्रकार झाला. बँग्जची शैली अंगावर येते, म्हणून उचलता येते. त्यातली नव्वद टक्के नक्कल ही नुसती आरडाओरड असते हे तुम्हीही मान्य कराल. विलिसकडून उचलायचं तर शैली नाही, सवय उचलावी लागते. आणि ती सवय महाग पडते.

बाकी बँग्जबद्दल वाकडं बोलणार नाही. १९७९ मध्ये 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये त्याने न्यू यॉर्कच्या पंक मंडळींतल्या वर्णद्वेषावर लिहिलं आणि त्यात स्वतःच्या जुन्या बेफिकीर भाषेचीही गय केली नाही, तो लेख विलिसच्या शेजारी शोभतो.

अवांतर: दोघांचा वाढदिवस एकच, १४ डिसेंबर. सात वर्षांचं अंतर. १९७९ च्या 'स्ट्रँडेड' या पुस्तकात दोघंही आहेत. निर्जन बेटावर एकच रेकॉर्ड न्यायची तर कुठली, असा प्रश्न संपादक ग्रील मार्कसने समीक्षकांना घातला होता. बँग्जने व्हॅन मॉरिसनचं 'अ‍ॅस्ट्रल वीक्स' निवडलं, विलिसने व्हेल्वेट अंडरग्राउंड हा बँड. ते दोन निबंध पाठोपाठ वाचा. एक हंबरडा फोडतो, दुसरी पाप आणि मुक्ती यांचा हिशेब मांडते, तोही हेरॉइनवरच्या गाण्यावरून.

खडूस आजोबा

लेख वाचला. चांगला आहे. आता शंका.

आमच्या वेळी संगीतावर लिहिणाऱ्याला संगीत येत असे. केशवराव भोळे स्वतः गात, चाली बांधत, आणि 'एकलव्य' नावाने लिहीत. वामनराव देशपांडे पेशाने हिशेबतपासनीस, पण ग्वाल्हेर, किराणा, जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम घेतलेले, म्हणून 'घरंदाज गायकी' लिहू शकले. या बाई डिलनच्या मुखवट्यांबद्दल बोलतात, स्टोन्सचा गायक मिक जॅगर, त्याच्या मग्रुरीबद्दल बोलतात. सुरांबद्दल काय? एका तरी लेखात स्वरावली, ताल, गाण्याची बांधणी याबद्दल चार ओळी आहेत का? नसतील तर ही समाजशास्त्राची समीक्षा झाली. चांगली असेल. पण संगीताची कशी म्हणायची?

मेघमल्हारी

आजोबा, तुम्ही येणार आणि नेमकं इथेच बोट ठेवणार याची खात्री होती :)

संगीतशास्त्रज्ञ अशोक रानड्यांनी जनसंगीत ही वेगळी कोटी मानली, कलासंगीताच्या खालची पायरी म्हणून नव्हे. तिचे कायदे वेगळे. ख्यालात बंदिश हे निमित्त, खरं गाणं तिच्या विस्तारात. रॉकच्या तीन मिनिटांत विस्तार नाहीच. तीनच कॉर्ड, तेही सगळ्यांचे तेच. मग एक गाणं ग्रेट आणि दुसरं भिकार कशामुळे? आवाजाच्या पोतामुळे, गाणारा कोण असल्याचं भासवतो त्यामुळे, ऐकणारी गर्दी कोण आहे त्यामुळे. हे मोजायला स्वरलिपी पुरत नाही. स्वरलिपीत 'बॉडीज' आणि एखादं बडबडगीत सारखंच दिसेल.

पण ती सुरांबद्दल बोलत नाही असंही नाही. तिचा कान बघायचा असेल तर गायिका जॅनिस जॉप्लिनवरचा निबंध वाचा (१९७६). 'पीस ऑफ माय हार्ट' हे गाणं आधी १९६७ मध्ये अर्मा फ्रँकलिनने गायलं, प्रसिद्ध सोल गायिका अरीथा फ्रँकलिनची थोरली बहीण. पुढच्या वर्षी जॅनिसने गायलं आणि जगभर गेलं. शब्द तेच, चाल तीच. विलिस म्हणते, अर्मा गाते तेव्हा ते आव्हान असतं. तू माझं काहीही कर, माझी माणुसकी, प्रेम करायची माझी ताकद तुला मोडता येणार नाही. जॅनिस तेच गाते तेव्हा गयावया होते. मी असंच सोसत राहिले, प्रेम आणि क्षमा यांचं उदाहरण घालून देत राहिले, तर कधीतरी तो समजेल, बदलेल, मी दिलेलं परत देईल. एकच गाणं, आणि एकीत पाठीचा कणा, दुसरीत फक्त जखम. हे नुसतं वाचून कळत नाही, दोन्ही ऐका.

खडूस आजोबा

ऐकली दोन्ही. नातवाने लावून दिली.

बाई म्हणतात ते खरं आहे. पहिलीचा आवाज लयीच्या मागे रेंगाळतो, घाई नाही, मालकिणीसारखा. दुसरी लयीच्या अंगावर धावून जाते आणि शब्द फाडते. हे त्यांनी माझ्या भाषेत लिहिलं नाही, पण ऐकलं मात्र तेच. एक चीज दोन घराण्यांत ऐकताना आम्ही तरी दुसरं काय करतो? शंका अर्धी मागे घेतो. अर्धी राखून.

तिरकस

सगळे आरती ओवाळतायत तर मी थोडा शंख फुंकतो.

"घाट माझ्या बाजूचा, शब्द गेले उडत" हा युक्तिवाद फार सोयीचा आहे. उद्या कुठलाही रॅपर बायकांना वाटेल ते बोलेल आणि त्याचे चाहते म्हणतील, अहो एनर्जी बघा, मुक्तिदायी आहे. विलिसला 'बॉडीज' ऐकून बळ आलं, ठीक. गाण्यातल्या मुलीला काय मिळालं? शिवाय ती कसोटी. अदलाबदल करून गाणं 'चालतं' म्हणजे ते निर्दोष? बाई-पुरुष सारखे असते तर चाललं असतं. ते सारखे नाहीत हेच तर स्त्रीवाद सांगतो ना? मग पुरुषाने "ती माझ्या मुठीत" म्हणणं आणि बाईने म्हणणं एका तराजूत कसं?

मेघमल्हारी

तिरकस, दुसरा मुद्दा वजनदार आहे. पण तिने 'अंडर माय थंब'ला निर्दोष म्हटलेलंच नाही. तिचं म्हणणं एवढंच की त्याचा दोष उघड्यावर आहे, 'वाइल्ड वर्ल्ड'चा दोष प्रेमाच्या शालीखाली. उघड्यावरच्याशी भांडता येतं. मला हे रोज पटतं. ऑफिसात आवाज चढवणाऱ्या साहेबाला उत्तर देता येतं, "तुला झेपेल का गं, घर सांभाळून?" म्हणणाऱ्याला काय द्यायचं?

पहिल्या मुद्द्याबद्दल. ती "शब्द गेले उडत" म्हणत नाही. तिने 'बॉडीज'मधली किळस नीट वर्णन केलीय, ती कुठून येते ते सांगितलंय, आणि मग म्हटलंय की हे सगळं कळूनही माझे पाय थिरकले. चाहता म्हणतो "एनर्जी आहे, म्हणून घाण नाही." ती म्हणते "घाण आहे, आणि एनर्जीही आहे, आता बोला." माझ्या मते सगळा फरक इथे आहे.

वांद्र्याची वैदेही

उशिरा आले, पण हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटतंय.

नव्वदीत मुंबईत रंगभवनला 'इंडिपेंडन्स रॉक' या रॉक महोत्सवाला जायचे. झेवियर्सच्या शेजारचं ते उघडं नाट्यगृह, सगळीकडे काळे टीशर्ट, आणि त्यात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. बँडही सगळे मुलांचे. माझ्या मैत्रिणी विचारत, त्या टोळक्यात तुला काय मिळतं? मला सांगता यायचं नाही. मिळायचं एवढं खरं. घरी, लोकलमध्ये, कॉलेजात जेवढा आवाज करायची मुभा नव्हती तेवढा आवाज तिथे करता यायचा. गाण्यातली बाई कोण आहे याचा विचार तेव्हा केला नाही, घरी परतताना मात्र यायचा. विलिस मी तेव्हा वाचायला हवी होती. आपल्याकडच्या परीक्षणांत कुणी काय वाजवलं, गर्दी किती होती आणि पाऊस आला का, एवढंच असे.

दुसरं म्हणजे, तुम्ही सगळे इंग्रजी गाण्यांवर भांडताय, पण ती कसोटी लावणीला लावून बघितली का? रामजोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ, लिहिणारे सगळे पुरुष. गाणारी, नाचणारी बाई. समोर फेटे. शब्द बाईच्या तोंडचे, इच्छा पुरुषाची. आशय बघाल तर कपाळावर हात मारायची वेळ. आणि मग सुलोचनाबाई चव्हाण ऐका. डोक्यावर पदर, अंगाची हालचाल नाही, आणि आवाजात असा ठसका की समोरच्या फेट्याची काय बिशाद मान वर करायची. पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेलं गाणं त्या गातात आणि गाण्याची मालकी बदलते. हे विलिसच्या 'घाटा'पेक्षा वेगळं काय आहे?

होनाजीची 'लटपट लटपट' फिरवून बघितली. बाई पुरुषाला सांगतेय की तुझं चालणं मोठं नखऱ्याचं. चालतंय की! उलट जास्त मजा येतेय.

डिस्टॉर्शन

वैदेहीताई, '...नखऱ्याचं' आमच्या बँडच्या गायकासाठी राखून ठेवतो, त्याला शोभेल =))

तिरकस

वैदेही, लावणीचं उदाहरण छान आहे पण विलिसच्या उलट जातं. सुलोचनाबाई गाणाऱ्या आहेत, त्यांच्या हातात काहीतरी आहे. 'बॉडीज'मध्ये विलिस फक्त ऐकणारी. ऐकणाऱ्याने गाण्याची मालकी बदलली असं म्हणणं म्हणजे थिएटरात शिट्टी मारून सिनेमा आपणच काढला म्हणणं.

वांद्र्याची वैदेही

शिट्टी मारणाऱ्याशिवाय तो सिनेमा तीन दिवसांत उतरतो, तिरकसराव. रॉक हा प्रकार निम्मा प्रेक्षकांतच घडतो. रंगभवनला उभे राहिला असतात तर हा वाद घातला नसतात.

झिपऱ्या

वूडस्टॉक या मोठ्या रॉक महोत्सवावरही तिचं एक खणखणीत परीक्षण आहे, सप्टेंबर १९६९ चं. तेव्हा जो तो "तीन दिवस प्रेम आणि शांती" म्हणत गहिवरला होता. हिने आधी आयोजकांना धरलं. खाणं, पाणी, संडास, रस्ते, सगळ्याचा बोजवारा, आणि अनर्थ टळला तो जमलेल्या पोरांच्या समजूतदारपणामुळे नि नशिबाने. तो समजूतदारपणा तिने मोकळेपणाने मान्य केलाय. पण लगेच पुढे सांगते की रॉक हा धंदा आहे, त्यातून लोक पैसा करतात, आणि चिखलात एकत्र बसून गाणी ऐकली म्हणजे क्रांती झाली असं नव्हे. आणि गंमत म्हणजे हे बोलणारी बाई रॉकची दुश्मन नाही, धंद्यातून आलेली गोष्ट माणसाला मोकळं करू शकते यावर तिचा पक्का विश्वास. बाजारू म्हणून टाकाऊ, हे डाव्या मंडळींचं पालुपद तिला कधीच पटलं नाही. आपल्याकडे सिनेसंगीताबद्दल हे वाक्य कोणी धडपणे लिहिलं असतं तर बरीच वर्षं वाचली असती.

क्वीन्सकर

नमस्कार मंडळी. धाग्यातल्या बाई लहानपणी काही काळ आमच्या क्वीन्समध्ये राहिल्या, त्यामुळे अभिमानाने प्रतिसाद देतोय.

पुढची माहिती भर म्हणून. ऐंशीच्या दशकात तिने रॉकवर लिहिणं जवळजवळ सोडलंच आणि स्त्रीवाद, कुटुंब, धर्म, राजकारण यांवर लिहिलं. १९९५ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठात सांस्कृतिक वार्तांकन आणि समीक्षा शिकवणारा अभ्यासक्रम तिने सुरू केला. ९ नोव्हेंबर २००६ ला फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेली. तोवर रॉकवरचे बहुतेक लेख जुन्या अंकांत पडून होते. तिची मुलगी नोना हिने ते गोळा करून २०११ मध्ये 'आउट ऑफ द व्हायनल डीप्स' काढलं, मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकाशनाकडून. २०१४ मध्ये तिनेच निवडक निबंधांचा मोठा खंड केला, त्याला अमेरिकेतल्या ग्रंथसमीक्षक मंडळाचा समीक्षेचा पुरस्कार मिळाला.

डिस्टॉर्शन, "विलिसची नक्कल कोण करतं" याचं उत्तर इथेही थोडंफार आहे. बँग्जचा निवडक संग्रह त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांत, १९८७ मध्ये आला. हिच्या रॉक-लेखांचं पुस्तक यायला सदर संपल्यावर ३६ वर्षं गेली. जे दुकानात नाही त्याची नक्कल कोण करणार?

डिस्टॉर्शन

हा मुद्दा मान्य. पण मग तिने सोडलं का? एवढा कान, एवढं व्यासपीठ, आणि सोडून दिलं?

मेघमल्हारी

माझा अंदाज सांगते. ती रॉककडे संगीत म्हणून आली नव्हती, मोकळं होण्याचं साधन म्हणून आली होती. साठच्या दशकात ते आणि राजकारण एकाच रस्त्याने चालले होते, निदान तसं वाटत होतं. पुढे रस्ते फुटले. तिने राजकारणाचा धरला. क्रिस्टगाऊ तेव्हा तिचा जोडीदार होता, नंतर वेगळे झाले, तो आयुष्यभर रेकॉर्डना श्रेणी देत राहिला, अ अधिक, ब उणे. मला त्याचंही कौतुक आहे, पण ते शाळामास्तरचं काम आहे. विलिसला गाण्याला गुण द्यायचे नव्हतेच. गाणं बोलायचं थांबल्यावर तीही थांबली. मला हे खटकत नाही. उलट सवयीने तीस वर्षं सदर चालवणाऱ्यांचा जास्त कंटाळा येतो. (इथल्या काही सदरांबद्दल बोलत नाहीये. अजिबात नाही.)

खडूस आजोबा

शेवटच्या कंसाबद्दल निषेध. आमचं सदर चालूच राहील.

बाईंचं कुठून सुरू करावं? इंग्रजी फार अवघड नसेल असं सांगा. डोळे आता फार वेळ साथ देत नाहीत.

मेघमल्हारी

आजोबा, तुमचं सदर अपवाद, हे लिहून देते!

इंग्रजी सोपं आहे, वाक्यं स्वच्छ. डिलनपासून सुरू करू नका, लांब आहे आणि त्यातली निम्मी गाणी माहीत असावी लागतात. आधी जॅनिस, कारण तुम्ही दोन्ही गाणी ऐकलीच आहेत. मग १९७१ चा तो कसोटीवाला लेख, छोटा आहे. मग १९६९ मध्ये एल्विसचं पुनरागमन बघायला ती लास व्हेगासला गेली होती, ते वाचा, मजेशीर आहे. व्हेल्वेट अंडरग्राउंड सगळ्यात शेवटी. तो माझ्या मते तिचा सर्वोत्तम निबंध, पण थकलेल्या डोळ्यांनी वाचू नका, दोन बैठकीत वाचा. नातवाला अक्षरं मोठी करून द्यायला सांगा.

तिरकस

'बॉडीज' ऐकलं. अजूनही घाणच वाटतं. पाय हलले नाहीत.

अर्मा फ्रँकलिन मात्र सकाळपासून चालू आहे. तिचं आणखी काही सुचवा कुणीतरी, धागा वेगळा काढला तरी चालेल.